घरातला थवा, घाटातली नदी

अ‍ॅक्वेरियमच्या दुकानात मासे जोडीवर विकले जातात. ‘टेट्रा काय जोडी?’ हा प्रश्न मुंबईच्या क्रॉफर्ड मार्केटपासून तालुक्याच्या बाजारपेठेपर्यंत सगळीकडे ऐकू येतो आणि दुकानदारही त्याच हिशेबाने जाळी फिरवतो. दोन लाल, दोन काळे, दोन पट्ट्यापट्ट्यांचे, मुलाने हट्ट धरला म्हणून दोन निळे. आठ-दहा माशांची पिशवी घरी येते. दोन दिवस टाकी देखणी दिसते. तिसऱ्या-चौथ्या दिवशी एक मासा तळाशी पडलेला सापडतो, आठवडाभरात आणखी तीन जातात. मग ‘आपल्या घराला मासे लाभत नाहीत’ असा निष्कर्ष निघतो आणि टाकी माळ्यावर जाऊन बसते.

यात लाभण्या-न लाभण्याचा काही संबंध नाही. निऑन टेट्रा, झेब्रा डॅनिओ, टायगर बार्ब, रास्बोरा हे घरोघरच्या टाक्यांतले लहान मासे थव्याने राहणारे आहेत. त्यांच्यासाठी ‘जोडी’ ही संख्याच नव्हे. लव्हबर्ड्सच्या पिंजऱ्यावरून उचललेला हा हिशेब माशांना लावला जातो आणि त्याची किंमत मासे मोजतात.

हा विषय आता केवळ छंदापुरता राहिलेला नाही. एकीकडे प्रधानमंत्री मत्स्य संपदा योजनेतून २०२०पासून शोभिवंत माशांच्या संवर्धनाला अनुदान मिळते आणि परसातल्या टाक्यांत मासे वाढवणे हा जोडधंदा म्हणून पुढे केला जातो. दुसरीकडे २०२२ साली दुरुस्त झालेला आणि १ एप्रिल २०२३पासून लागू झालेला वन्यजीव संरक्षण कायदा सह्याद्रीतल्या एका लहानशा, थव्याने फिरणाऱ्या माशाला थेट पहिल्या अनुसूचीत, म्हणजे वाघाच्या रांगेत नेऊन बसवतो. एक हात म्हणतो मासे वाढवा आणि विका, दुसरा म्हणतो हात लावाल तर तुरुंगात जाल. दोन्ही हातांच्या मध्ये सामान्य माणसाच्या दिवाणखान्यातली काचेची पेटी आहे.

एकटा मासा घाबरतो म्हणजे काय

मासे थवा का करतात, याचे सर्वांत सोपे उत्तर जीवशास्त्रज्ञ डब्ल्यू. डी. हॅमिल्टन यांनी १९७१मध्ये मांडले. शिकारी येतो तेव्हा प्रत्येक जीव दुसऱ्याच्या आड सरकू पाहतो आणि या स्वार्थातूनच कळप घट्ट होतो. त्याला दुसरे कारण जोडले जाते. एकसारख्या दिसणाऱ्या, एकाच वेळी वळणाऱ्या शंभर माशांतून नेमका एक हेरणे शिकाऱ्याला जड जाते. हे वळणे साधते डोळ्यांच्या आणि अंगाच्या दोन्ही बाजूंनी जाणाऱ्या पार्श्वरेषेच्या जोरावर. शेजारच्या माशाच्या हालचालीने पाण्यात उठलेला हलकासा दाब ही रेषा टिपते.

त्याहून विलक्षण गोष्ट रसायनांची. मधमाश्यांच्या नाचाचा अर्थ लावणाऱ्या कार्ल फॉन फ्रिश यांनी १९३०च्या दशकात दाखवून दिले, की थव्यातल्या एका माशाची त्वचा फाटली तर तिच्यातून पाण्यात एक द्रव्य सुटते आणि त्याचा वास येताच बाकीचे मासे दचकून पळतात. टेट्रा, बार्ब, डॅनिओ, लोच हे सगळे याच मोठ्या गटातले. म्हणजे जाळीने ओरबाडलेला एक मासा टाकीत पडला, की बाकीच्यांना धोक्याची घंटा ऐकू जाते. पळायला मात्र जागा दीड फुटाचीच असते.

भीतीवर उतारा कोणता? तोही थवाच. पोर्तुगालमधील संशोधकांनी २०१७ साली झेब्रा डॅनिओवर प्रयोग केले. धोक्याचा वास दिलेल्या माशाला शेजारच्या काचेपलीकडे आपल्या जातीचे मासे दिसले तर त्याची भीती कमी झाली. नुसत्या वासानेही फरक पडला, पण दिसण्याने जास्त. आईच्या कडेवर गेलेले मूल शांत होते तसा हा प्रकार, आणि तो जेमतेम दीड इंचाच्या माशात आढळतो.

घरातल्या टाकीसाठी सर्वांत उपयोगी ठरणारा अभ्यास २०१०चा आहे. ब्रिटनमधील संशोधकांनी निऑन टेट्रा, व्हाइट क्लाउड मिनो, टायगर बार्ब आणि एंजलफिश यांना एक, दोन, तीन, पाच आणि दहाच्या गटात ठेवून पाहिले. थव्याने राहणाऱ्या जातींत गट मोठा होत गेला तसे मासे अधिक एकत्र पोहू लागले आणि एकमेकांच्या अंगावर धावून जाणे कमी झाले. निऑन टेट्रा एकटे किंवा दुकटे असताना टाकीत सुसाट, दिशाहीन धावा घेत, दहाच्या गटात ते प्रमाण घटले. दुकानांत कोणी नियम सांगितलाच तर तो सहसा ‘निदान सहा तरी घ्या’ इतकाच असतो. या अभ्यासाकडे पाहता सहा ही किमान मर्यादा आहे, दहा ही बरी संख्या.

टायगर बार्बचे उदाहरण याबाबत बोलके आहे. ‘हा मासा खोडकर आहे, दुसऱ्यांच्या शेपट्या कुरतडतो’ अशी त्याची बदनामी आहे. दोन-तीन बार्ब एखाद्या लांब परांच्या माशाबरोबर ठेवले तर ते कुरतडतातच. दहा-बारा ठेवले की त्यांचे आपसातले मानापमान सुरू होतात आणि शेजाऱ्याकडे लक्ष द्यायला त्यांना फुरसत राहत नाही. दोष माशाच्या स्वभावात कमी आणि गिऱ्हाईकाच्या हिशेबात जास्त. वास्तुशास्त्राच्या नावाखाली आठ सोनेरी आणि एक काळा असे मासे मोजून घेणाऱ्यांचा हिशेब तर आणखीच वेगळा. त्यात माशाला काय हवे हा प्रश्न येतच नाही.

गंमत अशी, की माणसाला टाकीपासून मिळणारा आरामही माशांच्या संख्येशी जोडलेला दिसतो. इंग्लंडमधील प्लिमथच्या राष्ट्रीय मत्स्यालयात एक मोठी टाकी टप्प्याटप्प्याने भरली जात असताना बघणाऱ्यांची नाडी आणि मनःस्थिती नोंदवली गेली. मासे वाढले तसे लोक अधिक वेळ थांबले आणि त्यांच्या हृदयाचे ठोके अधिक उतरले. २०१५मध्ये हे निष्कर्ष प्रसिद्ध झाले. दवाखान्यांच्या प्रतीक्षाकक्षात फिश टँक का असतो, याला अशा अभ्यासांचा थोडा आधार आहे. मात्र रुग्णाचे ठोके शांत करण्यासाठी ठेवलेल्या त्या टाकीत वेगवेगळ्या जातींचे एक-एक, दोन-दोन मासे कोपऱ्यात अंग चोरून उभे असतील, तर शांततेचा हा व्यवहार एकतर्फीच झाला.

पाणी स्वच्छ दिसते म्हणून

थवा ठेवायचा म्हणजे पाणी जास्त हवे आणि इथेच बहुतेक घरांचे गणित फसते. मासा खातो त्यातल्या प्रथिनांचा कचरा अमोनियाच्या रूपात मुख्यतः कल्ल्यांवाटे बाहेर पडतो. अमोनिया पाण्यात दिसत नाही, थोड्या प्रमाणात त्याचा वासही येत नाही, पण कल्ले जाळतो. निसर्गात वाहते पाणी तो नेते. टाकीत ते काम जिवाणू करतात. एक गट अमोनियाचे नायट्राइट करतो, दुसरा नायट्राइटचे त्या मानाने निरुपद्रवी असे नायट्रेट. फिल्टरचा स्पंज म्हणजे या जिवाणूंची वसाहत. कचरा गाळणे हे त्याचे दुय्यम काम. अमोनिया ते नायट्रेट हा सगळा प्रवास एकटाच करणारा जिवाणूही असतो, हे विज्ञानाला २०१५ साली कळले. त्या वर्षी प्रसिद्ध झालेल्या दोनपैकी एका शोधातला जिवाणू मत्स्यपालनाच्या पाण्यातूनच मिळाला होता.

ही वसाहत नव्या टाकीत बसायला चार ते सहा आठवडे लागतात. दुकानातून टाकी, फिल्टर, रंगीत खडे आणि मासे एकाच फेरीत घरी आणले जातात तेव्हा वसाहत शून्यावर असते. तिसऱ्या-चौथ्या दिवशी मरणारा पहिला मासा बहुधा या अमोनियानेच जातो. त्यातून जो सावरतो त्याच्या वाट्याला पुढे नायट्राइट येते. ते रक्तातल्या हिमोग्लोबिनला निकामी करते, मासा पाण्याच्या पृष्ठभागाशी येऊन धापा टाकू लागतो आणि ‘हवा कमी पडली’ म्हणून आणखी एक एअर पंप घेतला जातो.

दर रविवारी टाकी संपूर्ण रिकामी करून, खडे साबणाने धुऊन, स्पंज नळाखाली पिळून लख्ख करणारी घरे तर दर रविवारी ही वसाहत स्वतःच्या हाताने उद्ध्वस्त करतात. नळाच्या पाण्यातले क्लोरीन त्यात भर घालते. आठवड्याला पाव टाकी पाणी बदलणे, स्पंज टाकीतून काढलेल्या पाण्यातच पिळणे आणि नवे पाणी क्लोरीन काढून ओतणे, एवढ्याने काम भागते. साधे क्लोरीन पाणी दिवसभर उघडे ठेवले की उडते. क्लोरामाइन वापरले असेल तर उडत नाही, त्याला दुकानात मिळणारे अँटिक्लोरीनच लागते.

महाराष्ट्रात याला आणखी दोन पदर आहेत. बोअरवेलचे पाणी बहुतेक ठिकाणी जड आणि अल्कधर्मी असते. पाण्याचा सामू ७वरून ८वर गेला की अमोनियाचा विषारी हिस्सा सुमारे दहापट होतो. म्हणजे तेवढेच मासे, तेवढेच खाणे, पण धोका वेगळा. मूळचा अ‍ॅमेझॉन खोऱ्यातल्या मऊ, आम्लधर्मी पाण्यातला निऑन टेट्रा आज बाजारात येतो तो शेततळ्यांत आणि टाक्यांत पिढ्यान्‌पिढ्या वाढवलेला. तो बरेच सहन करतो, पण बोअरच्या पाण्यात त्याचे आयुष्य रेटूनच जाते. दुसरा पदर उन्हाळ्याचा. २० अंशांच्या पाण्यात लिटरमागे सुमारे ९ मिलिग्रॅम प्राणवायू विरघळतो, ३० अंशांना साडेसातच. त्याच वेळी माशाची प्राणवायूची गरज मात्र वाढते. विदर्भातल्या मे महिन्यात दुपारी वीज गेली आणि पंप थांबला, की गर्दीची टाकी तासाभरात संकटात येते. शोभेचा काचेचा वाडगा या सगळ्या दृष्टींनी वाईट. इटलीतल्या मोंझा शहराने २००४मध्ये गोल वाडग्यांवर बंदी घातली तेव्हा जगभर त्याची थट्टा झाली होती. ती बंदी थट्टेवारी नेण्याइतकी वेडगळ नव्हती.

हातावरची गाठ

टाकीचा संबंध घरातल्या माणसांच्या आरोग्याशीही येतो, पण भीती बाळगावी इतका नाही. लक्षात ठेवण्याजोगे नाव एक, मायकोबॅक्टेरियम मरिनम. क्षयाच्या जिवाणूचा हा पाण्यातला भाऊबंद १९२६ साली फिलाडेल्फियाच्या मत्स्यालयातल्या मेलेल्या माशांत प्रथम सापडला. हाताला खरचटलेले असताना टाकी साफ केली तर तो त्वचेत शिरू शकतो. दोन ते चार आठवड्यांनी बोटावर किंवा मनगटावर लालसर-जांभळी गाठ येते, दुखत नाही, भरतही नाही आणि कधी कधी हातावर वरच्या दिशेने एकामागून एक गाठी उमटत जातात. शरीराच्या आतल्या तापमानापेक्षा थंड असलेली त्वचा त्याला मानवते, म्हणून तो सहसा तिथेच राहतो.

अडचण निदानाची. साध्या प्रतिजैविकांनी ही गाठ जात नाही. मग बुरशी, संधिवात, त्वचेचा क्षय असे तर्क चालतात. घरात फिश टँक आहे ही माहिती रुग्ण देत नाही, कारण तिचा काही संबंध असेल असे त्याला वाटत नाही, आणि डॉक्टरही विचारतीलच असे नाही. योग्य औषधे मिळाली तरी ती काही महिने घ्यावी लागतात. म्हणून टाकी साफ करताना हातमोजे घालावेत, जखम असेल तर ते काम दुसऱ्यावर सोपवावे आणि नळीने पाणी ओढताना तोंड लावू नये. पाच वर्षांखालची मुले, केमोथेरपी घेणारे, अवयव प्रत्यारोपण झालेले यांनी टाकीच्या पाण्यात हात न घालणेच बरे. टाकी स्वयंपाकघरातल्या भांड्यांच्या मोरीत धुण्याची सवयही सोडायला हवी, कारण या पाण्यात साल्मोनेलाही असू शकतो.

याहून मोठी आणि कमी बोलली जाणारी गोष्ट प्रतिजैविकांची. मासा मलूल दिसला, की टेट्रासायक्लिनची कॅप्सूल फोडून टाकीत टाकण्याचा सल्ला सर्रास दिला जातो. मात्रा कोणी मोजत नाही, रोग कोणता हे कोणी पाहत नाही. निऑन टेट्राला होणारा, पाठीचा रंग उडवणारा प्रसिद्ध रोग तर एका सूक्ष्म परजीवीमुळे होतो, त्यावर ही कॅप्सूल चालतच नाही. तिने मरतात ते स्पंजमधले जिवाणू. उरलेले औषध गटारात जाते. शोभिवंत मासे ज्या पाण्यातून निर्यात होतात त्या पिशवीतल्या पाण्यातच अनेक प्रतिजैविकांना दाद न देणारे जिवाणू असल्याचे २००९च्या एका अभ्यासात आढळले होते. माणसांच्या औषधांचा निष्काळजी वापर हा गंभीर विषय मानला जातो. त्याच औषधांची एक वाट दिवाणखान्यातल्या टाकीतून जाते, तिच्याकडे लक्ष जात नाही.

मिस केरला आणि पहिली अनुसूची

आता त्या वाघाच्या रांगेतल्या माशाकडे. चांदीसारखे अंग, नाकापासून शेपटीपर्यंत काळी रेघ, तिच्या वर पुढच्या अर्ध्या भागात लालभडक पट्टा. इंग्रजीत डेनिसन बार्ब, व्यापारात ‘मिस केरला’, मल्याळम नावांपैकी एक चोरक्कण्णी, म्हणजे रक्ताळलेल्या डोळ्याची. फ्रान्सिस डे यांनी १८६५ साली त्रावणकोरातल्या मुंडक्कयम येथून या माशाची नोंद केली आणि मद्रासचे तेव्हाचे गव्हर्नर विल्यम डेनिसन यांचे नाव त्याला दिले. केरळ आणि दक्षिण कर्नाटकातल्या मोजक्या नद्यांच्या वरच्या, खडकाळ, वाहत्या भागांतच तो सापडतो. २०१३मध्ये त्याचा वंश वेगळा काढण्यात आला आणि त्याला नाव मिळाले ‘सह्याद्रिया’. हे नाव देणाऱ्या चार संशोधकांत पुण्याच्या आयसर संस्थेतले नीलेश डहाणूकर होते.

शंभराहून अधिक वर्षे या माशाकडे फारसे कोणी पाहिले नाही. १९९७मध्ये सिंगापूरच्या ‘अ‍ॅक्वारामा’ प्रदर्शनात नव्या जातींच्या गटात त्याला तिसरा क्रमांक मिळाला आणि चित्र पालटले. जपान, युरोप, अमेरिकेतून मागणी आली. थव्याने राहणाऱ्या माशाची एक वाईट बाजू इथे उघड झाली. जो मासा एकेकटा राहतो तो शोधावा लागतो. जो थव्याने एका डोहात उभा राहतो, त्याचा सगळा थवा एका जाळ्यात येतो. शिकाऱ्यापासून वाचण्यासाठी उत्क्रांतीने दिलेली युक्ती जाळ्यापुढे उलटली.

भारतातून २००५ ते २०१२ या काळात झालेल्या निर्यातीच्या नोंदी तपासणाऱ्या २०१३च्या अभ्यासात, धोक्यात असलेल्या किमान ३० जातींचे सुमारे १५ लाख गोड्या पाण्यातले मासे देशाबाहेर गेल्याचे दिसले. त्यांत डेनिसन बार्ब आघाडीवर होता आणि बोटिया स्ट्रायटा हा पट्टेरी लोचही. हा लोच महाराष्ट्र आणि कर्नाटकच्या घाटातला, कृष्णा खोऱ्यातल्या नद्यांचा. मिस केरलाची चर्चा तरी होते. या लोचचे नाव ज्यांच्या गावावरून ती नदी वाहते त्यांनाही ठाऊक नसते.

केरळ सरकारने २००८मध्येच पकडण्यावर निर्बंध घातले होते. जून, जुलै आणि ऑक्टोबर हे महिने बंदीचे ठरले. पुढे अभ्यास झाला तेव्हा कळले, की हा मासा मुख्यतः ऑक्टोबर ते मार्च या काळात प्रजनन करतो. म्हणजे अंडी घालण्याच्या बहुतेक काळात जाळी मोकळी आणि पावसात बंद. पावसाळ्यात मासे अंडी घालतात हे बहुसंख्य भारतीय माशांबाबत खरे असलेले गृहीतक न तपासता याला लावले गेले. हेतू चांगला, आदेश वेळेवर आणि उपयोग नगण्य, असे सरकारी कारभारात क्वचितच इतके स्वच्छ पाहायला मिळते.

आता पहिली अनुसूची. तिच्यातला प्राणी पकडणे, विकणे, बाळगणे यासाठी तीन ते सात वर्षे कैद आणि किमान २५ हजार रुपये दंड आहे. धोक्यात असलेल्या माशाला संरक्षण मिळाले याबद्दल तक्रार असायचे कारण नाही. तक्रार आहे ती संवर्धकांची आणि तिच्यात तथ्य आहे. या माशाचे बंदिस्त प्रजनन कोचीजवळच्या पणंगाडच्या मत्स्य महाविद्यालयात सरकारी मदतीने साधले गेले. टाकीत जन्मलेले मासे विकता आले तर नदीतल्या माशांवरचा भार कमी होईल, हा त्यामागचा विचार. कायद्याच्या नजरेत मात्र टाकीत जन्मलेला आणि ओढ्यातून पकडलेला मासा यांत फरक उरत नाही. म्हणून तो अनुसूचीतून वगळावा अशी मागणी शोभिवंत माशांच्या क्षेत्रातून झाली. परदेशांत, विशेषतः आग्नेय आशियात, हाच मासा मोठ्या संख्येने वाढवून विकला जातो. सह्याद्रीचा मासा सिंगापूरच्या दुकानात कायदेशीर आणि कोचीच्या शेतकऱ्याच्या टाकीत गुन्हा, अशी ही स्थिती आहे.

वगळण्याच्या मागणीला सरसकट होकार देणेही धोक्याचे. संवर्धित मासा आणि पकडलेला मासा डोळ्यांनी वेगळे ओळखता येत नाहीत. दार उघडले की टाकीतल्या माशांच्या नावाखाली ओढ्यातले मासे निघतील. मार्ग मधला आहे, पण कष्टाचा. संवर्धन केंद्रांची नोंदणी, प्रजननासाठी ठेवलेल्या माशांचा हिशेब, जनुकीय नमुने आणि प्रत्येक खेपेचा मागोवा. याला खर्च येतो, प्रशिक्षित माणसे लागतात आणि वन खाते, मत्स्य खाते यांनी एकमेकांशी बोलावे लागते. अनुसूचीत नाव घालणे त्या मानाने सोपे. आणि ते घातल्याने नदीतली वाळू उपसणे थांबत नाही, सुरुंग आणि विष टाकून होणारी मासेमारी थांबत नाही, धरणे आणि मळ्यांतली कीटकनाशके तर दूरच.

पकडणे नेहमीच वाईट असते असेही नाही, हे ब्राझीलमधल्या रिओ नेग्रो नदीकाठचे बार्सेलोस हे गाव दाखवते. निऑन टेट्राचा चुलतभाऊ कार्डिनल टेट्रा इथल्या पूरजंगलात कोट्यवधींच्या संख्येने असतो. पूर ओसरला की त्यांतले असंख्य मासे डबक्यांत अडकून मरतातच. अशा माशांपैकी काही हाताच्या जाळीने पकडून विकणारी कुटुंबे पिढ्यान्‌पिढ्या त्यावर जगली. गावात शोभिवंत माशांचा उत्सव भरतो, त्यात कार्डिनल आणि डिस्कस या दोन माशांच्या नावाने दोन गट स्पर्धेला उतरतात. मासे विकून पोट भरत असेल तर जंगल तोडण्याची गरज पडत नाही, या विचारावर तिथे १९८९पासून ‘प्रोजेक्ट पियाबा’ चालू आहे. आशिया आणि युरोपातल्या शेतांत कार्डिनल तयार होऊ लागला तशी बार्सेलोसची मागणी घसरली, आणि जंगलाला राखणारा धंदाच आटू लागला. म्हणजे बंदिस्त प्रजनन हे एका नदीला तारणारे आणि दुसऱ्या नदीच्या काठच्या लोकांना मारणारे ठरू शकते. फरक माशाच्या जीवनक्रमात आहे. कार्डिनल अल्पायुषी, दर पुराबरोबर लाखोंनी वाढणारा आणि अफाट पसरलेला. डेनिसन बार्ब मोठा, जास्त जगणारा, मोजक्या ओढ्यांत अडकलेला. एकाच चौकटीत दोघांना बसवणारा कायदा किंवा दोघांना सारखे पाहणारी करुणा, दोन्ही चुकतात.

गिऱ्हाईकाकडे यात काही असते का? थोडे असते. मासा पकडलेला की वाढवलेला, कुठून आला, हे दुकानदाराला विचारता येते. चेन्नईच्या कोलातूर भागातले घरगुती संवर्धक देशभरात गप्पी, टेट्रा, बार्ब पुरवतात, त्यामुळे बहुतेक नेहमीच्या जातींबाबत उत्तर सरळ मिळते. उत्तर टाळले जात असेल किंवा ‘घाटातला माल आहे’ असे अभिमानाने सांगितले जात असेल, तर पिशवी परत द्यावी. डेनिसन बार्ब घ्यायचाच विचार असेल तर कायद्याआधीही एक अडचण आहेच. चार-पाच इंचांपर्यंत वाढणारा, सतत पोहणारा हा मासा सहा-आठच्या थव्याने ठेवायला चार फुटांहून लांब टाकी, थंड आणि वाहते पाणी लागते. दीड फुटाच्या पेटीत तो बसत नाही, फक्त मावतो.

६० लिटरची, दोन फुटांची टाकी असेल तर तिच्यात एकाच जातीचे दहा निऑन टेट्रा, किंवा उन्हाळा कडक असलेल्या गावी दहा झेब्रा डॅनिओ, आणि सोबत खरी पाणवनस्पती. झेब्रा डॅनिओ तर आपलाच मासा. फ्रान्सिस हॅमिल्टन यांनी १८२२मध्ये गंगेच्या खोऱ्यातल्या माशांच्या ग्रंथात त्याची नोंद केली आणि माणसाच्या सुमारे ७० टक्के जनुकांना त्याच्यात जोड सापडते म्हणून आज जगभरच्या प्रयोगशाळांत तो आहे. जड पाणी आणि थंडी-उन्हाचे चढउतार तो इतरांपेक्षा बरे सोसतो. मात्र अंधारात चमकणाऱ्या, जनुके बदललेल्या त्याच्या आवृत्त्या घेऊ नयेत. ब्राझीलमध्ये त्या शेततळ्यांतून निसटून ओढ्यांत प्रजनन करत असल्याचे २०२२मध्ये नोंदले गेले. तिथे तो परका मासा होता. भारतात सुटला तर त्याचे जंगली नातेवाईक इथल्याच नद्यांत आहेत.

हौस फिटल्यावर काय, हा प्रश्न मासे आणताना कोणी विचारत नाही. घर बदलताना, मूल शिकायला बाहेरगावी गेल्यावर किंवा टाकीला गळती लागल्यावर मासे जवळच्या नदीत, तळ्यात, मंदिराच्या कुंडात सोडले जातात आणि सोडणाऱ्याला पुण्य केल्यासारखे वाटते. काच साफ करतो म्हणून आणलेला, पुढे फूटभर वाढलेला सकर मासा असाच देशातल्या अनेक जलाशयांत पोहोचला. आता मच्छीमारांच्या जाळ्यात तो येतो, काटेरी अंगाने जाळी फाडतो आणि बाजारात कोणी घेत नाही. नको झालेले मासे दुकानदाराला किंवा दुसऱ्या पाळणाऱ्याला परत द्यावेत. ज्यांच्या टाकीत मिस केरला आधीपासून आहे, त्यांनी दंडाच्या भीतीने ती ओढ्यात सोडू नये. तिचा ओढा तो नव्हे. वन खात्याकडे विचारणा करणे हा रस्ता कटकटीचा असला तरी तोच योग्य.